ध्रुवाचं ओपनिंग

या, असे जवळ सरकून बसा. ल्यूकनच्या उषाताईंच्या कीर्तनाची गोष्ट आहे. मध्ये हसू आलं तर खुशाल हसा, देव रागावणार नाही.

उषाताई मुलाकडे, मकरंदकडे, इथे परदेशात ल्यूकनला आल्या तेव्हा बॅगेत पापड खाली आणि झांजा वर होत्या. मिरजेच्या देवळात त्यांनी आयुष्यभर कीर्तनं केलेली. गणेशोत्सवात इथल्या मराठी मंडळाने त्यांना मोठ्या मानाने उभं करायचं ठरवलं, पण मंडळाची सेक्रेटरी स्वप्ना आधीच घरी येऊन बसली.

"काकू, कीर्तन छानच होणार. पण मुलं कंटाळली की दंगा करतात. तसं झालं की मी मागून हात वर करीन. तुम्ही लगेच आरतीवर या. बाहेर पास्ता तयारच असेल."

"आणि ध्रुव तोवर अरण्यात पोचला नसेल तर?"

"तर पुढच्या वर्षी पोचवू त्याला."

पुढचं वर्ष उषाताईंच्या गुडघ्यांना मान्य नव्हतं. उभ्याने करायचं हे आपलं शेवटचंच कीर्तन, हे त्या ओळखून होत्या. त्यांना लोकांची फिकीर नव्हती. नात भार्गवी तेरा वर्षांची झाली, पण तिने आजीचं एकही कीर्तन पुरतं ऐकलेलं नव्हतं. मिरजेला सुट्टीत आली की नमन संपताच ती पाणी प्यायला उठायची, ती थेट प्रसादाला उगवायची. एकदा तरी ती शेवटपर्यंत बसावी, एवढंच त्यांना हवं होतं.

आता कीर्तनकाराचा कान हा भलताच उदार असतो. नाटकातली असो, वरातीतल्या बँडची असो, चाल गोड लागली की ती उचलायची आणि तिच्यावर देवाचे शब्द चढवायचे, ही जुनी रीत. एके सकाळी उषाताई कपड्यांच्या घड्या घालत होत्या आणि भार्गवीच्या खोलीतून एक चाल आली. आधी कासावीस, मग एकदम धावत सुटलेली.

"कुणाचं गं हे पद?"

"जापनीज रॉक बँड आहे, आज्जी. अ‍ॅनिमेचं, म्हणजे तिकडच्या कार्टून सीरिजचं ओपनिंग. स्टोरी सुरू व्हायच्या आधी लागतं ते."

"म्हणजे नमन."

"आय गेस."

"आणि गोष्ट कसली?"

"एका मुलाला घरातून हाकलतात. मग तो एकटाच जातो. आणि गिव्ह अपच करत नाही."

उषाताईंच्या हातातली घडी सुटली. जपानात बसून कुणी चार पोरांनी ध्रुवासाठी चाल बांधून ठेवली होती, आणि ती ल्यूकनला त्यांचीच वाट पाहत होती. संध्याकाळपर्यंत शब्द तयार झाले: 'नको मज मांडी, नको ते आसन, निघाला ध्रुव बाळ सोडुनी अंगण.'

तबल्याला जवळच्या सिटीवेस्टहून तन्मय यायचा. दिवसभर सॉफ्टवेअर, संध्याकाळी तबला.

"काकू, याला वाजवू काय? केरवा धरला की गाणं पुढे निघून जातं."

"कटाव समज, एका दमात म्हणायचा."

"कटावातसुद्धा माणूस श्वास घेतो."

"ध्रुवाने घेतला नव्हता. वाजव."

ही तालीम भार्गवीच्या कानावर गेली तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या प्रेसमधून बिस्किटं काढत होती. प्रेस म्हणजे इथलं कपाट. ते उघडंच राहिलं.

"आज्जी, नो. माझे सगळे फ्रेंड्स येणारेत. लीव्हिंग सर्टच्या एक्झॅमपर्यंत, शाळा संपेपर्यंत चिडवतील मला."

"अगं, देवाचं नाव घातल्याने चाल बाटत नाही."

"देवाचं ठीक आहे. बँडचं काय?"

"आई, दुसरी चाल घे ना," मकरंद मध्ये पडला.

उषाताईंनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. पण चाल आता जिभेवर घर करून बसली होती. दुसऱ्या दिवशी पूजा करताना आरतीही तिच्यातच निघाली, आणि घंटा वाजवणाऱ्या मकरंदचा हात दुखून आला.

"मी कारमध्ये बसणार," भार्गवीने जाहीर केलं.

कीर्तनाच्या दिवशी कम्युनिटी हॉल भरला. मोठी माणसं पुढे, मुलं मागे फोनमध्ये माना घालून. भार्गवी जॅकेट न काढता दारातच उभी. नमन झालं. पूर्वरंगाचं निरूपण सुरू होताच मागे खुसखुस सुरू झाली. स्वप्नाचा हात खांद्यापर्यंत आला. उषाताईंनी ते पाहिलं आणि वेदान्त तिथेच सोडून थेट उत्तानपाद राजाच्या दरबारात उडी घेतली. राजाच्या मांडीवर उत्तम बसलेला, ध्रुव चढायला गेला, सावत्र आई सुरुचीने त्याला ढकलून दिलं. झांज वाजली. तन्मयने डोळे मिटले आणि हात सोडले.

पहिल्या ओळीला एका मुलाने फोनमधून मान काढली. दुसऱ्या ओळीला मागची अख्खी रांग उभी राहिली. तिसऱ्या ओळीला उषाताईंच्या मराठीवर मुलांचे जपानी शब्द येऊन आदळले.

"आशुतोष, खाली बस."

"रेवा, काय चाललंय हे?"

कोण ऐकतंय. पाय आपटले जात होते. हॉलचा केअरटेकर आत डोकावला.

"युअर मॅन वैतागलाय बघ," कुणीतरी म्हणालं. युअर मॅन म्हणजे इथल्या बोलीत 'तो गडी'. पण तो दाराशी टेकून मान डोलवू लागला होता.

दंगा तर झालाच होता. स्वप्नाने ठरल्याप्रमाणे हात उंच केला.

उषाताईंनी तो पाहिला. ध्रुव अजून अंगणातच होता. पण हवेत एक हात दिसताच मुलांना वाटलं, हेही आलंच, कॉन्सर्टला करतात तसं. बघता बघता सगळ्यांचे हात वर गेले आणि लयीत डोलू लागले. आता त्यातला स्वप्नाचा कुठला, हे त्या गणपतीलाच ठाऊक. उषाताईंना तरी तो दिसला नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

"वन्स मोअर," मुलं म्हणाली.

"आधी गोष्ट. तो अरण्यात पोचला की पुन्हा."

तेवढ्यात जॅकेट काढून हातात धरलेली भार्गवी रांगांमधून पुढे आली.

"आज्जी, दुसऱ्या कडव्याआधी थांबायचं असतं. तिथे सगळे ओरडतात."

"बरं, थांबते. बस तू इथे."

ती पहिल्या रांगेत बसली, ती आरती होईपर्यंत हलली नाही. पद चार वेळा झालं. ध्रुव आकाशात चढला तेव्हा तन्मयची बोटं सुजली होती, पास्ता गार झाला होता, आणि स्वप्ना पुढच्या वर्षीच्या तारखेबद्दल बोलत होती.

घरी जाताना कारमध्ये भार्गवी आजीशेजारी बसली. काय वाटलं, हे विचारायचा उषाताईंना धीर होईना.

"आज्जी, त्या दुसऱ्याचं काय झालं?"

"कुठल्या?"

"मांडीवरच्या. उत्तमच्या. भांडण त्याच्या आईने केलं, भाऊ घर सोडून गेला. तो नुसता बसला होता. त्याला कुणी काही विचारलंच नाही."

इतकी वर्षं उषाताई उत्तमाला मांडीवर सोडून ध्रुवामागे अरण्यात जात आल्या होत्या. मागे वळून कधी पाहिलं नव्हतं.

"मोठा झाल्यावर शिकारीला गेला, तो परत आला नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"दॅट्स इट?"

"पुराणात तेवढंच आहे."

"मग तू कर ना त्याचं कीर्तन. बसून कर. मी पेटी धरते."

उषाताईंनी पदर डोळ्यांना लावला, मग पुन्हा कीर्तनकार झाल्या. "त्याला ओपनिंग कुठलं लावायचं?"

"त्याला ओपनिंग नको," भार्गवी फोनमध्ये शोधत म्हणाली. "एंडिंग पाहिजे, स्टोरी संपल्यावर लागतं ते. माझ्याकडे एक स्लो आहे."

तर मंडळी, ध्रुवाची काळजी नको. तो वर आहे, ढग हटले की दिसतोच. आज घरी जाताना मांडीवर राहून गेलेल्या त्या उत्तमाला तेवढं आठवा.