नथ्थूजींची मोटार पोळ्यात जाते

नथ्थूजी आपली मोटार रोज संध्याकाळी दाव्यानं खुंट्याला बांधत. मला आधी वाटलं, हा माणूस थट्टा करतोय. मग कळलं, की मोटारीचा हँडब्रेक निकामी आहे आणि ती उभी असते त्या गोठ्याची जमीन उताराची आहे. म्हणजे त्या दाव्यात शहाणपण होतं. पण दावं बांधून झाल्यावर ते बॉनेटवर थाप मारून "बस आता गुमान" म्हणत, त्याला मात्र काही कारण नव्हतं.

"जनावर हाय बाप्पा, समजून घ्या लागते," हे त्यांचं पालुपद. मोटार सुरू झाली नाही की "आज तिचं मन नाई." धूर सोडला की "पोट बिघडलं." हॉर्न वाजला की "हंबरली." साठ-एकसष्टच्या सुमारास मी राळेगावला मास्तर म्हणून गेलो, तेव्हा गावात मोटारी बोटावर मोजण्याइतक्या होत्या. त्यातली न चालणारी एवढी एकच.

ती त्यांना वाटणीत मिळाली होती. वावर निम्मंनिम्मं झालं, बैलजोडी थोरल्या भावाकडे, गोविंदरावांकडे गेली आणि नथ्थूजींनी हट्टानं वडिलांची मोटार अन् रिकामा गोठा मागून घेतला. त्या वेळी जे शब्द निघाले ते निघाले; एका गल्लीत राहून दोघे भाऊ एकमेकांना अनोळखी झाले. नथ्थूजींना लहानाचं मोठं केलं होतं वहिनीनं. तिचंही दार त्यांना बंद झालं. लग्न नाही, कार्य नाही, घरात एकटा जीव. मग त्यांनी गोठ्यावर गेरूनं 'ग्यारेज' असं लिहिलं आणि दर शनिवारी आम्ही तिघं तिथं जमू लागलो: मी, दवाखान्यातला गजानन कंपाउंडर आणि जिनिंगमधले फिटर याकूबभाई.

त्या वर्षी पोळा सोमवारी आला होता. शनिवारी शाळा सुटल्यावर मी पोचलो, तर नथ्थूजींनी जाहीर केलं, "मास्तर, यंदा आपली मोटार पोळ्यात उभी राह्यते."

गजाननला इतकं हसू आलं, की तो खालीच बसला.

"हसून काहून राह्यला बे? ज्याच्या घरी जे जनावर, ते तो नेते. अन् पोळ्याच्या दिवशी दारात आलेलं जनावर पुजल्याबिगर कोनी वापस धाडत नाई. मंग ते कोनाचंबी असो."

कोणाचं दार, हे त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. पण हसू थांबलं. त्यांना वहिनीच्या दारात जायचं होतं आणि नुसतं हात हलवत जायची त्यांची छाती नव्हती.

मग जी दुरुस्ती झाली तिला तोड नाही. इंजिन खोलून सगळे भाग गोणपाटावर मांडले. याकूबभाईंनी बजावलं, "जिस हिसाब से निकाला, उसी हिसाब से रखना बाप्पा!" तेवढ्यात शेजारची शेळी गोणपाटावरून गेली आणि हिसाब संपला. गजाननने कार्बोरेटर इंजेक्शनच्या पिचकारीनं धुतला आणि "छातीत कफ हाय" असं निदान केलं. मी शिकलेला, म्हणून जबाबदारीचं काम माझ्याकडे: नटबोल्ट तोंडात धरणं. रविवारी दुपारपर्यंत मी कोणाशी एक शब्द बोललो नाही. सगळं जोडून झाल्यावर एक स्प्रिंग आणि काही बोल्ट उरले, तर नथ्थूजी खूष. "बरं झालं, तेवढंच वजन कमी!"

आणि याकूबभाईंनी हँडल मारताच मोटार चक्क सुरू झाली! आम्ही चौघं गोठ्यात नाचलो. नाचता नाचता गजाननचा पाय ग्रीसच्या डब्यात गेला, तरी तो नाचतच राहिला.

संध्याकाळी खांदशेकणी. बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळून त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं असतं. मोटारीचा खांदा कोणता, यावर बराच वेळ कडाक्याचं भांडण झालं. शेवटी नथ्थूजींनी दोन्ही मडगार्डांना पळसाच्या पानानं हळद-लोणी चोळलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

सोमवारी मोटारीवर झूल चढली, दिव्यांना बाशिंगं, बंपरला घुंगरमाळ. याकूबभाई हँडल घेऊन पुढे झाले, तर नथ्थूजी आडवे आले.

"काय करून राह्यले? पोळ्याच्या दिवशी जनावराले जुपते काय कोनी?"

"मग दोन दिवस आपण केलं काय?" मी ओरडलो.

"तिची तब्येत पाह्यली."

गावचे बैल ज्याखाली रांगेनं उभे करतात, त्या तोरणापर्यंत आम्ही तिघांनी मोटार ढकलली. नथ्थूजी आत ष्टेरिंग धरून नवरदेवासारखे बसले होते.

लोकांनी हसत हसत जागा दिली. झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची गाणी, म्हणणाऱ्यांनी जागच्या जागी मोटारीवर एक झडती रचली. तोरण तुटलं की पोळा फुटतो आणि बैल घरोघर पूजेला जातात. पाटील तोरण तोडायला हात उचलणार, एवढ्यात मोटार हंबरली. गजाननने जोडलेल्या कुठल्याशा तारेचा प्रताप, हॉर्न थांबेचना. बैल चौखूर उधळले, तोरण कोणाच्या तरी शिंगात गेलं, पोळा वेळेआधीच फुटला. "नथ्थ्या, तुह्या बैलाले आवर!" पाटील ओरडले. याकूबभाईंनी तार उपटली तेव्हा कुठे शांतता झाली. सारा गाव पोट धरून हसत होता. नथ्थूजी तेवढे हसत नव्हते.

"चला," ते म्हणाले. "आता दारात."

गोविंदरावांचं दार लोटलेलं होतं. नथ्थूजींनी हाक मारायला हवी होती, पण ते नुसते बसून राहिले. एवढा बोलणारा माणूस आणि 'वयनी' हा एक शब्द फुटेना. मला त्यांची फार कणव आली. शेवटी मीच ओरडलो, "वहिनी, दारात जनावर आलंय."

दार उघडलं. वहिनीच्या हातात तांब्या आणि ताट होतं. म्हणजे ती तयारच होती. तिनं चारही चाकांवर पाणी घातलं, दिव्यांना कुंकू लावलं, पुरणपोळी हातात घेतली आणि थबकली.

"तोंड कोनतं याचं?"

गजानन रेडिएटर दाखवायला पुढे झाला. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खिडकीतून हात घालून तिनं तो घास नथ्थूजींच्या तोंडात कोंबला. "किती वाळला रे."

नथ्थूजींना घास गिळता येईना आणि रडताही येईना.

परतीचा रस्ता चढाचा. आम्ही तिघांनी जोर लावला, तरी मोटार हलेना. मग माझ्या शेजारी आणखी एक खांदा येऊन लागला. पाहतो तर गोविंदराव, धोतर खोचून. मोटार चालू लागली, पण आतला माणूस डोळे पुसत होता, त्यामुळे ती थेट नालीकडे निघाली.

"समोर पाह्य न बे, नथ्थू!" गोविंदराव ओरडले.

आतून भरल्या तोंडानं आवाज आला, "व्हय, दादा."