आक्का जेवली का?

“आक्का जेवली का?”

एका जंगलात एका धाकट्या सरड्याने हा प्रश्न विचारला. मुलांनो, त्याला अजून उत्तर मिळालेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला येत असेल तर हात वर करत बसू नका. नुसतं सांगा.

तर झालं असं. अस्वलीणबाईंना रंग बदलणारी सरडी पाळायची हौस आली. शेजारच्या कोल्हिणीकडे होती, म्हणून. त्यांनी झुडपावरून धाकट्याच्या आक्काला उचललं आणि दिवाणखान्यात पिंजऱ्यात ठेवलं. पडदे बदलले की आक्काने रंग बदलावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

अस्वलांकडे एक रीत होती. जेवणाऱ्याला एकटं सोडायचं नाही. सगळ्यांनी भोवती बसायचं, त्याच्या तोंडाकडे बघायचं आणि आग्रह करायचा.

आक्कासमोर चांदीचं ताट आलं. ताटात मधाचे लाडू आणि तळलेला मासा. वाटीत पाणी. भोवती सगळी अस्वलं.

“घे गं. लाजू नकोस.”

“एवढासा तुकडा. माझ्यासाठी!”

“नाही म्हणायचं नाही हं.”

आता सरडी जे हलतं तेच खाते. लाडू काही हलत नव्हता. सरडी पानावरचे थेंब चाटते. वाटीला पान नव्हतं. आणि कोणी टक लावून बघत असलं की कितीही भूक असो, तिची जीभ बाहेर येत नाही.

आक्काने एक डोळा ताटाकडे लावला. दुसरा खिडकीकडे.

“बघा, काही वळण आहे का?” अस्वलीणबाई म्हणाल्या. “जेवताना दोन दिशांना बघते!”

धाकटा रोज खिडकीशी यायचा.

“काकू, आक्का जेवली का?”

“अगंबाई, तू आलास होय! घे, लाडू घे.”

“नको. आक्का...”

“नको कसं? आमच्या घरून कोणी रिकाम्या तोंडाने जात नाही.”

की लाडू तोंडात. तोंडात लाडू असताना प्रश्न विचारता येत नाही. तो गिळेपर्यंत खिडकी बंद व्हायची. अशाने धाकटा जाड होत गेला. आक्का बारीक होत गेली. बारीक आणि काळी.

“काळा रंग पडद्यांवर जात नाही हो,” अस्वलीणबाई काळजीत पडल्या. त्यांनी घुबडाला बोलावलं.

घुबड म्हणालं, “हिच्या खाण्याच्या सवयी आधी समजून घ्याव्या लागतील.” मग ते पिंजऱ्याला चोच लावून बसलं आणि पापणी न हलवता दिवसभर आक्काकडे बघत राहिलं. संध्याकाळी म्हणालं, “समजलं. आग्रह कमी पडतोय.”

झालं. सगळं जंगल आग्रहाला आलं. हत्तीने तर गुडघे टेकले. “माझ्याकडे बघून तरी एक घास घे गं,” म्हणाला. आक्काने बघितलं. आणखी काळी झाली.

धाकट्याला राहवलं नाही. त्याने खिडकीतून उडी मारली ती थेट हत्तीच्या सोंडेवर, आणि सोंडेला चावला.

“पाठ फिरवा! सगळे पाठ फिरवा! तिला जिवंत नाकतोडा द्या रे कोणीतरी!”

“माहेरची माणसं ही अशीच,” अस्वलीणबाई म्हणाल्या. “जेवणात विघ्न!” त्यांनी त्याच्या तोंडात दोन लाडू एकदम कोंबले आणि त्याला बाहेर ठेवलं.

सकाळी आक्का पिंजऱ्यातल्या फांदीखाली पडलेली होती. रंग फिका. कुठल्याच पडद्यासारखा नाही.

अस्वलांनी तिच्या नावाने मोठं जेवण घातलं. घुबड दोनदा जेवलं. “तूही बस रे,” अस्वलीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. “तिला आवडायचे हो लाडू.”

धाकटा बसला नाही. तो झुडपावर गेला आणि एक नाकतोडा पकडून आणला. दव पडलेलं एक पान आणलं. दोन्ही पिंजऱ्यात आक्काच्या तोंडाशी ठेवलं. मग त्याने एकेका जनावराला ढकलून, ओरबाडून, चावून भिंतीकडे तोंड करायला लावलं. हत्तीलासुद्धा.

शेवटी त्याने स्वतः पाठ फिरवली.

मागे नाकतोडा हलत होता. बराच वेळ हलत होता.

तात्पर्य: कोणी जेवत नसेल तर आग्रह वाढवावा. तरीही जेवलं नाही, तर त्याच्या भावाला वाढावं.