उमाठेकाकांचे अमर लोक

आमच्या शेजारच्या उमाठेकाकांच्या घरी कादंबरीत कुणी मरत नाही. लेखकानं कितीही ठरवलेलं असो.

रामदासपेठेतल्या आमच्या इमारतीच्या भिंती पातळ, आणि काका इतिहासाचे निवृत्त मास्तर. आवाज अजून मागच्या बाकापर्यंत पोचतो. रोज संध्याकाळी ते सुमनकाकूंना पुस्तक वाचून दाखवतात. काकूंना आता अक्षर दिसत नाही, त्यात हृदय नाजूक. "मनाला लागेल असं काही नको," असं डॉक्टर म्हणाले आणि काकांनी त्याच दिवसापासून समस्त मराठी साहित्यावर उपचार सुरू केले. पेशवाईतल्या एका सरदाराला रणांगणात भाला लागला, तर काकांनी त्याला सलाइन लावलं. पुढच्याच पानावर डिस्चार्ज!

मी छेडलं, "काका, इतिहासाच्या मास्तरानं असं करावं?"

"इतिहास म्हणजे काय गा? मेलेल्याइचे भांडणं जित्याइनं चालू ठेवाचे. मी सोडवले तं बिघडलं काय?"

कलेबद्दलही मत ठाम. "दुःख लिवणं सोपं असते. चार माणसं सुखानं जेवून राहिले, हे लिवून दाखव मले!"

मी पुढ्यातला चहा प्यालो.

परवा काका मोसंबी आणायला गेले आणि वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलं. नेमकी नायिका शेवटच्या घटका मोजत होती. मी अडखळलो, घाम पुसला आणि म्हणालो, "आणि मग... तिला सपाटून भूक लागली."

काकू खुदकन हसल्या. "मरते थे पोरगी. मी लग्नाच्या आधीच वाचली हे कादंबरी. त्याइच्या कपाटातल्या साऱ्याच वाचल्या."

"मग काकांना सांगत का नाही?"

"कसं सांगू गा? थे पुस्तकातल्या लोकाइले नाही, मलेच धरून ठेवून राहिले. माझ्यामागं त्याइचं कसं होईल, याचंच भेव वाटते मले."

तेवढ्यात काका आलेच. पिशवी टेबलावर टाकून त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. "कुठवर आलं?"

"लय बिमार आहे हो बिचारी," काकू काळजीच्या आवाजात म्हणाल्या. "जगते का?"

काकांनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "जगते म्हणजे काय! मी आहो ना इथं."