तुसाला हवा

आमचे मामंजी बंद गिरणीची घंटा रोज सकाळी वाजवीत. घंटा म्हणजे चिंचेला टांगलेला रुळाचा तुकडा. त्यावर हातोडा पडला की अर्धी दहिवली जागी व्हायची आणि माझ्या कपाळाला आठी पडायची.

मंदीचे दिवस. भाताला भाव नाही, म्हणून लोक घरीच उखळात कांडून घेत. गिरणीचं इंजिन गार पडलेलं. पण चारही गडी घंटेला हजर. काम काय, तर अंगणातला तुसाचा ढीग पूर्वेकडून पश्चिमेला न्यायचा. नेऊन झाला की परत पूर्वेला.

"ओल धरते. हवा लागली पाहिजे," मामंजी म्हणत. वर ठरलेलं वाक्य, "सूनबाई, बसलेला माणूस उठून जातो."

कोणी उठून जाईना, हेच तर माझं दुखणं. मजुरी निम्म्यावर आली, तेव्हा मामंजींनी गड्यांना दुपारचं जेवण लावलं. भाकऱ्या कोण थापणार? मी. तूस केसांत, तूस पिठात, तूस पाळण्यात. चार यत्ता शिकलेली मी, जगातलं सगळं मला कळत होतं. मामंजी वेडे आणि गडी आयतोबा, असा निकाल मी केव्हाच देऊन टाकला होता.

एकदा खोपोलीच्या कारखान्याचा मुकादम माणसं न्यायला आला. रोख मजुरी. "जा बाबांनो, मी अडवत नाही," म्हणून मामंजी आत गेले आणि लख्ख असलेली समई पुसत बसले. मी मात्र गड्यांना वाटेची शिदोरी बांधून दिली. इतक्या प्रेमाने मी त्यांना कधीच वाढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली नाही. मामंजी ओटीवर, हातोडा मांडीवर. मी मागल्या दाराने अंगणात गेले, तर चिंचेखाली चौघेही उभे.

"वैनी, घंटा का नाय झाली?" थोरल्या धर्माने विचारलं.

"तुम्ही खोपोलीला नाही गेलात?"

"धाकल्या भावांना धाडलंय. रोकड ते आनतील. हितं तुसाला हवा लावायची हाय ना."

"अरे, त्या तुसाला काही होत नाही. एवढंही कळत नाही?"

धर्माने आवाज खाली आणला. "ते आमाला पयल्या दिसापास्नं ठावं हाय. पन मालकीनबाय गेल्यापास्नं मालक बोलतात ते आमच्याशीच. तुसाचं का व्हईना."

तेवढ्यात मामंजी कोपऱ्यावरून वळले. चौघांना पाहून थबकले. मग घसा खाकरून म्हणाले, "उशीर केलास, धर्मा."

"चुकलं, मालक."

मामंजींचा पहिला घाव रुळावर पडलाच नाही, हवेतच गेला. मी आत जाऊन पीठ मळायला घेतलं.