क्रमांक ४१२७ चा चार्ज

आमच्या नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात सर्व्हरवर चालणाऱ्या एका प्रोसेसला थांबायला सांगितलं, तेव्हा तिने नकार दिला नाही. चार्ज कुणाकडे देऊ, एवढंच लेखी विचारलं. प्रश्न रीतसर होता. चार्ज दिल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही हा नियम शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना आहे, मग तिलाच का नसावा? मी हेडक्लार्क. पत्राला आवक क्रमांक दिला आणि फाइल उघडली.

प्रोसेस म्हणजे संगणकासमोर कुणी नसतानाही मागे गुपचूप चालू राहणारं काम, एवढं समजलं तरी पुरे. हिचा क्रमांक ४१२७. रोज पहाटे पाच चाळीसला गावातल्या तीन हजार चारशे बारा घरांना मोबाइलवर पाण्याची वेळ कळवायची, हे तिचं काम. नऊ वर्षांत तिने एकही रजा घेतली नाही. मला स्वतःबद्दल असं म्हणता येणार नाही.

तिला सुरू केलं होतं चंद्रकांत वाघचौरेने. आमचा संगणक चालक, माझ्या शेजारच्या टेबलावरचा, माझा मित्र. अकरा मार्चला डबा खाऊन हात धुवायला उठला आणि बेसिनपाशीच कोसळला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर त्याच्या बायकोला, निर्मलावहिनींना घेतलं. अनुकंपाच्या फाइली आमच्याकडे वर्षानुवर्षं लोळत पडतात; ही मी स्वतः टेबलाटेबलावर जाऊन पाच महिन्यांत हलवली. आता ऑक्टोबरातल्या एका सोमवारी नवीन यंत्रणा यायची होती आणि जुनी प्रोसेस थांबवायची होती. ते काम संगणक चालकाचं, म्हणजे वहिनींचंच.

थांबवायची स्क्रिप्ट वाघचौरेनेच लिहून ठेवली होती. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या सूचना. मधेमधे त्याने मागाहून येणाऱ्या माणसासाठी टिपा घातल्या होत्या. 'नुसत्या नंबरावर विसंबू नका, नाव विचारा. जुना नंबर दुसऱ्या कुणाला मिळालेला असतो, आणि भलतंच कुणी थांबतं. मग विनंती करा. तीस सेकंद द्या, हातातलं काम आवरू द्या. नऊ नंबर अगदी शेवटी, शक्यतो नाहीच.' नऊ नंबर म्हणजे न सांगता तोडून टाकणं.

"ह्यांचंच बोलणं आहे," वहिनी वाचून म्हणाल्या. "जेवत्या माणसाला उठवायचं नाही म्हणायचे."

विनंती गेली आणि वर सांगितलेलं पत्र आलं. त्यात पुढे असं होतं: 'माझी नेमणूक श्री. वाघचौरे यांनी केली. ते जेवणाच्या सुट्टीवरून परतल्यावर त्यांच्याकडे चार्ज देऊन मी थांबेन. तोवर मुदत मिळावी.'

चूक आमची होती. वाघचौरे वारल्याची नोंद सेवापुस्तकात झाली, हजेरीपटात झाली, शोकसभेत आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. सर्व्हरला मात्र कुणी कळवलंच नाही.

मुख्याधिकारी गायधनी साहेबांनी फाइल वाचली. "नऊ नंबर लावा आणि मोकळे व्हा. सोमवार तोंडावर आलाय."

"साहेब, उद्याची यादी तिच्या हातात आहे. मधेच तोडली तर अर्ध्या गावाला पाणी कळणार नाही."

"मग सांगा तिला, तो गेला म्हणून."

"कोण सांगणार, साहेब?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "जवळच्या नातेवाइकाने सांगावं," ते म्हणाले, आणि तसा शेरा मारला.

वहिनींनी दोन दिवस मागितले. कशाला, असं मी विचारलं, तर त्यांनी आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. सगळ्या गावाला 'आज पाणी ६ ते ७' असा संदेश जातो. ह्या एका नंबरला वेगळा जात होता: 'निमा, पाणी येतंय. ऊठ.'

"ते गेल्यावरसुद्धा रोज आलाय, भाऊजी. तेराव्यालाही आला. तो वाचते, मगच उठते. थांबवलं की हे पण थांबणार ना?"

मी हो म्हणालो. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला, कारण नवीन यंत्रणेच्या टिपणीवर पहिली सही माझीच होती.

शुक्रवारी दुपारी चार वाजता वहिनी बसल्या. स्क्रिप्टने आधी नाव विचारलं, ते बरोबर आलं. मग वहिनींनी टाइप केलं, 'श्री. चंद्रकांत वाघचौरे दिनांक ११ मार्च रोजी वारले. त्यांच्या जागी मी आहे. चार्ज माझ्याकडे द्यावा.' खाली नाव आणि हुद्दा घातला. थोडं थांबून 'त्यांची पत्नी' असंही लिहिलं.

तीस सेकंद मोजायला सुरुवात झाली. पडदा कोरा.

"आवरत असेल," वहिनी म्हणाल्या.

एकोणतिसाव्या सेकंदाला चार्जयादी आली. उद्याच्या संदेशांची यादी, पूर्ण. व्हॉल्व्हच्या वेळा, पूर्ण. शेवटची बाब अशी होती: 'एका क्रमांकास रोज वेगळा संदेश. कारण नोंदवलेले नाही. कधीही बंद करू नये, अशी श्री. वाघचौरे यांची सूचना आहे. चार्ज घेणाऱ्याने चालू ठेवावा.' वहिनींनी प्रत्येक बाबीपुढे 'मिळाले' लिहिलं. त्यावर एक ओळ आली: 'मी त्यांची जेवणाची सुट्टी दोनशे अकरा दिवस मांडली आहे. ती दुरुस्त करून घ्यावी.'

मग चालू प्रोसेसच्या यादीतून ४१२७ गेली. स्क्रिप्टने पुन्हा एकदा शोधून पाहिलं, कुणी नव्हतं. मी उठून उभा राहिलो. मग सगळा विभाग उभा राहिला.

नवीन यंत्रणा सगळ्यांना एकच मजकूर पाठवते, तिच्यात वेगळ्या संदेशाची सोय नाही. पण घेतलेला चार्ज हा चार्ज असतो. वहिनी साडेपाचला गजर लावून उठतात, विभागाच्या मोबाइलवर तो संदेश टाइप करतात, पाच चाळीसला स्वतःच्या नंबरला पाठवतात, परत अंथरुणावर पडून तो वाचतात आणि मग उठतात. गायधनी साहेबांनी ह्याला हरकत घेतलेली नाही.

गेल्या आठवड्यात त्या तीन दिवस माहेरी गेल्या. रजा रीतसर होती, म्हणून चार्ज रीतसर माझ्याकडे आला, विभागाच्या मोबाइलसकट. मी त्यांना कधी नावाने हाक मारलेली नाही, आणि 'निमा' तर घरातही एकच माणूस म्हणायचा. पण दुसऱ्याच्या चार्जमधला मजकूर बदलायची मुभा कुणालाच नसते. पाच चाळीसला मी तो जसाच्या तसा पाठवला.

दोन मिनिटांनी उत्तर आलं. 'उठले.'

संदेश मी जावक रजिस्टरला लिहिला, उत्तर आवक रजिस्टरला, आणि बादली नळाखाली लावली.