चार नर आणि घरातले सगळे आरसे

चार नर रास एका टाकीत नांदू शकत नाहीत असं जो म्हणतो, त्याने आयुष्यात कधी लिफ्ट दुरुस्त केलेली नाही. मी केली आहे. लिफ्टचा मेकॅनिक आहे मी! एकमेकांचं तोंड बघायची इच्छा नसलेले जीव बंद पेटीत शांत कसे ठेवायचे, हे मला कुणा मासेवाल्याने शिकवायला नको.

रास म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, कारण आमच्या सासऱ्यांना अजूनही वाटतं की मी राशिभविष्याच्या नादी लागलोय. रास हा समुद्रातला मासा. लांबीला बोटाएवढा. अंगावर रंग असे, की रंगाच्या दुकानात सगळे डबे एकदमच सांडले असावेत. स्वभाव मात्र पार्किंगच्या जागेवरून हमरीतुमरीवर येणाऱ्या माणसाचा. त्यातून नर असला तर बघायलाच नको.

मासेवाल्याचं म्हणणं होतं की नर एकच घ्या. चार हवेच असतील तर गरीब स्वभावाचा आधी सोडा, भांडखोर सगळ्यांत शेवटी. आणि टाकीवर घट्ट जाळी लावा, घाबरले की हे उडी मारून थेट जमिनीवर येतात. यातला जाळीचा सल्ला मी मानला. बाकीचे दुकानदाराच्या भित्रेपणात जमा केले.

टाकी हॉलमध्ये ठेवली. तिथे आधी आमचं जेवणाचं टेबल होतं, ते बाल्कनीत गेलं. तेव्हापासून आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि आमच्याकडेच राहणारे सासरे, मांडीवर ताटं घेऊन जेवत होतो. बायको कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवर असते. चुकीचा पत्ता लिहिणाऱ्याशी ती ज्या शांत आवाजात बोलते, त्याच आवाजात तिने मला अट सांगितली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला ती स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. चारही मासे जिवंत हवेत आणि गुण्यागोविंदाने नांदत हवेत. एकही कमी झाला किंवा मारामारी दिसली, तर टाकी जाणार आणि टेबल परत येणार.

मी लगेच हो म्हटलं. चारच तर मासे!

आरसा पहिला : बाथरूम

सगळ्यांत देखणा लाल नर मी आधी आणला. एकटाच. टाकी सुनीसुनी वाटू नये म्हणून. उरलेले तीन येईपर्यंत त्याने दगड न् दगड स्वतःच्या नावावर करून घेतला होता. त्याचं नाव मालक पडलं ते त्याच्या वागण्यावरून. पिवळा, निळा आणि जांभळा पाण्यात उतरले मात्र, मालक पर फुलवून असा सुटला की पिवळा पंपामागे दडला, निळा वर उडून जाळीवर आपटला आणि जांभळा दगडाच्या फटीत शिरून नुसतं नाक बाहेर ठेवून बसला.

बायको सोफ्यावर जेवत होती. तिने एक घास चावला, टाकीकडे बघितलं आणि विचारलं, “नांदतायत वाटतं?”

तिथे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लिफ्टमध्ये आरसा का लावतात? आरसा नसला की माणसं दुसऱ्याच्या पिशवीकडे, बुटांकडे, घामाकडे बघतात आणि चौथ्या मजल्यापर्यंत भांडण पेटतं. आरसा असला की जो तो आपले केस बघतो आणि गुमान उतरून जातो.

काचवाल्याने आरसा कापून द्यायला आठवडा मागितला. आठवड्यात मालकाने तिघांना गिळलं असतं! मी बाथरूमचा आरसा उतरवला आणि टाकीच्या डाव्या काचेला बाहेरून चिकटवला, तोंड आत करून.

मालकाने आरशात बघितलं. समोर अगदी त्याच्याइतकाच देखणा आणि त्याच्याइतकाच उद्धट नर! याने पर फुलवले, त्याने फुलवले. हा सरसावला, तोही सरसावला. मालकाला जन्मात पहिल्यांदा तोलामोलाचा शत्रू भेटला होता. बाकीचे तिघे बाहेर आले आणि निवांत जेवले.

मध्येच एक आक्षेप

तुम्ही म्हणाल, लिफ्टमधली माणसं आरशाशी भांडत नाहीत आणि हा तर भांडतोय. म्हणजे सिद्धांत चक्क उलटा पडला. पडला तर पडला! लिफ्ट वर पोहोचली की नाही ते बघा, दोर कुठून ओढला ते कशाला विचारता!

सासऱ्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी अंदाजाने मिशी कापली. उजवी मिशी डाव्या मिशीपेक्षा बरीच वरिष्ठ दिसू लागली. आरसा नसल्यामुळे त्यांना पत्ताच नव्हता.

आरसा दुसरा : कपाट

मालक कामात गुंतलेला बघून पिवळ्याने उजवी बाजू बळकावली आणि निळ्याला पिटाळायला सुरुवात केली. हा तोच पिवळा, जो परवा पंपामागे थरथरत होता! खुर्ची रिकामी दिसली की माणूस बदलतो, मासा का बदलू नये?

कपाटाच्या दाराला आतून लांब आरसा होता. दारच काढलं आणि टाकीच्या उजवीकडे टेकवून ठेवलं. पिवळा तिकडे चिकटला तो चिकटलाच.

घरात आता धड बघायला आरसा उरला नाही. बायको स्वेटर उलटा घालून ऑफिसला गेली आणि दिवसभर काउंटरवर तशीच बसली. पार्सल घ्यायला आलेल्यांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. घरी आल्यावर तिने स्वेटर काढला, त्याची शिवण बघितली, मग माझ्याकडे बघितलं. पहिल्या तारखेला किती दिवस राहिले ते तिने मला विचारलं नाही, हे मला जास्त जड गेलं.

आरसा तिसरा : लिफ्ट

निळ्याने जांभळ्याची शेपटी कुरतडली. आमच्या इमारतीच्या लिफ्टचं काम माझ्याकडेच आहे. तिथला आरसा मी काढला, ‘दुरुस्तीसाठी नेला आहे’ अशी पाटी लावली आणि टाकीची मागची बाजू बंद केली.

पाटी खोटी नव्हती. दुरुस्ती चालूच होती, फक्त माशांची!

दोन दिवसांत लिफ्टमध्ये सहाव्या मजल्यावरच्या मास्तरांचं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचं छत्रीवरून वाजलं. मग कुणाची तरी कुणाला तरी कोपरखळी लागली. लिफ्ट अचानक लहान कशी झाली, असं विचारत सोसायटीचे सेक्रेटरी माझ्याकडे आले. मला कोण आनंद! मी त्यांना पाणी दिलं, बसवलं आणि म्हटलं, बघा, आरसा गेला आणि भांडणं आली, माझा सिद्धांत तुमच्या लिफ्टने सिद्ध केला. ते म्हणाले सिद्धांत ठेवा तुमच्यापाशी, आरसा कुठाय? मी टाकीकडे बोट दाखवलं.

सेक्रेटरी आरसा ओढायला उठले तसा मी आडवा झालो. त्यांना बजावलं, आता हा आरसा हलवलात तर निळ्याचं जे काही होईल त्याला सोसायटी जबाबदार! ते मागे सरकले. सोसायटी जबाबदार म्हटलं की कुठलाही सेक्रेटरी मागे सरकतो. काचवाल्याचा आरसा आला की तो लिफ्टला बसवेन, असा शब्द देऊन मी त्यांना वाटेला लावलं. पुढे तो पाळलाही.

चौथा

एव्हाना जांभळा शूर झाला होता. तो मोकळा फिरत तिघांच्याही पाठीत ढुसण्या देत होता आणि घरात आरसा म्हणून काही शिल्लक नव्हतं. उद्या पहिली तारीख.

बाल्कनीतल्या टेबलावर काळी काच होती. जाड, गुळगुळीत, तोंड दिसेल अशी.

मी फार विचार केला नाही.

पहिली तारीख

बायको ऑफिसमधून आली, पिशवी ठेवली आणि टाकीपुढे उभी राहिली. म्हणजे जिथे टाकी होती तिथे. आता तिथे दोन आरशांच्या पाठी, एक कपाटाचं दार आणि एक काळी काच उभी होती.

“ही माझ्या टेबलाची काच आहे,” ती म्हणाली.

मी म्हटलं, टेबल हॉलमध्ये परत हवं होतं ना, आलंय, फक्त उभं आलंय. ती हसली नाही. मासे दाखव म्हणाली. मी सांगितलं की दाखवण्यासाठी एक बाजू उघडावी लागेल, आणि कुठलीही उघडली तरी युद्ध सुरू होईल. मासे गुण्यागोविंदाने नांदतायत, पण ते बघता येत नाही. यावर तिने स्टूल मागवलं.

सासऱ्यांनी स्टूल धरलं. ती वर चढून जाळीतून आत बघू लागली. पंपामुळे पाणी हलत होतं आणि खाली नुसते रंग लटपटत होते. हे मासे आहेत की गाजराची सालं, असं तिने विचारलं. मी पंप बंद केला. पाणी थांबलं. ती बघत राहिली. टाकी, दिवे, मीठ, माझी सगळी अक्कल त्या स्टुलावर उभी होती.

“चार आहेत,” ती शेवटी म्हणाली.

“जिवंत?”

“जिवंत. चार बाजूंना चौघं. एकमेकांकडे पाठ, आणि जो तो आपल्या भिंतीशी भांडतोय.”

“म्हणजे आपसात भांडण नाही!”

“ह्याला नांदणं म्हणत नाहीत. ह्याला लिफ्ट म्हणतात.”

मी लगेच मुद्दा धरला की अटीत भांडण नको एवढंच होतं, तोंडं कुठल्या दिशेला हवीत ते नव्हतं. तिने वडिलांकडे बघितलं. सासऱ्यांनी आपली असमान मिशी कुरवाळली. मग म्हणाले, “जावईबापूंचं बरोबर आहे. कुणी कुणाला चावत नाहीये. याहून जास्त आपण कुठल्या घरात बघितलंय?”

बायको खाली उतरली. टाकी राहील, असं तिने जाहीर केलं, पण ज्या दिवशी यातली एक जरी काच हलेल त्या दिवशी टाकीही जाईल. मला मंजूर होतं. मी जिंकलो होतो!

दुसऱ्याच दिवशी मी मासेवाल्याला घरी बोलावलं. म्हटलं येऊ दे, बघू दे आणि आपले शब्द परत घेऊ दे. तो आला. काळ्या काचेपासून निघून कपाटाच्या दारापर्यंत, मग आरशांच्या पाठींवरून हात फिरवत पूर्ण एक फेरी मारून परत माझ्यापुढे उभा राहिला.

“कपाट चांगलं बनवलंय,” तो म्हणाला. “टाकी कुठे ठेवलीत?”