डेन्झिलच्या मातीला

केल्व्हन वयाच्या चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनेडाला आला, तो बापाला पुरायला. डेन्झिलची शवपेटी शुक्रवारच्या विमानानं यायची होती आणि शनिवारी सकाळी दफन. "माझं गाव माझ्यावर जीव टाकतं, तिथंच पोचव मला," असं सांगून डेन्झिलनं ब्रुकलिनमध्ये डोळे मिटले होते. बापाला भरल्या गावानं निरोप द्यावा, एवढीच पोराची इच्छा होती.

मंगळवारी टॅक्सीतून उतरला तो ओट्यावरच्या चार म्हाताऱ्यांना ओलांडून थेट मर्लबाईंच्या दुकानात शिरला.

"पाणी आहे?"

"गुड मॉर्निंग," मर्लबाई म्हणाल्या.

"पाण्याची बाटली हवीय."

"गुड मॉर्निंग."

बाईंना कमी ऐकू येतं असं समजून केल्व्हन ओरडला, "पाणी! पाणी!"

झालं. डेन्झिलच्या पोरानं मर्लबाईंवर आवाज चढवला, ही बातमी तो आत्याच्या घरी पोचायच्या आत डोंगरावरच्या जायफळाच्या बागांपर्यंत गेली.

मग तो कबरी खणणाऱ्या बॉयझीकडे गेला आणि अंगणातूनच म्हणाला, "खड्ड्याचे किती घेता? दुप्पट देतो." आमच्याकडे कबरीचे पैसे कुणी घेत नाही. रमची बाटली घेऊन यावं, बसावं, गुडघेदुखीची चौकशी करावी, मग विषय काढावा.

"कुदळ हरवलीय," बॉयझी म्हणाला. कुदळ त्याच्या हातातच होती.

बुधवारी चर्चची घंटा वाजवणाऱ्याची दोरी तुटली. पेटीला खांदा देणाऱ्या सहाही जणांच्या पाठी एकाच दिवशी धरल्या. स्वयंपाकाच्या बायकांनी कळवलं, नीरफणस शिजवायला नारळ नाहीत. चहूकडे झाडं नारळांनी लगडलेली!

केल्व्हन युट्रिसआत्यासमोर येऊन मटकन बसला. "आत्या, परवा बाबा येतायत आणि इथं कबरसुद्धा नाही! काय माणसं आहेत ही?"

"आल्यापासून एकाला तरी गुड मॉर्निंग म्हणालास?"

"ओळख ना पाळख, कशाला म्हणू? ब्रुकलिनमध्ये असं कुणाला बोललं तर तो आधी खिसा चाचपतो."

"मग ब्रुकलिनमध्येच पुरायचं होतंस," आत्या म्हणाली. "इथं आधी माणूस, मग काम. ऊठ. मर्लपासून सुरुवात कर."

गुरुवारी केल्व्हननं अख्खं गाव पालथं घातलं. प्रत्येक दारात गुड मॉर्निंग, उन्हं कलल्यावर गुड आफ्टरनून. मर्लबाईंची माफी मागितली. बॉयझीबरोबर रम घेतली, दोन्ही गुडघ्यांची हकीकत वेगवेगळी ऐकली. एका शेळीलाही त्यानं नमस्कार केला म्हणतात, पण तेव्हा रम पोटात गेलेली होती. अंधार पडायच्या आत दोरी जोडली गेली, पाठी सुटल्या, कुदळ सापडली.

शनिवारी चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. बायका ठेवणीतल्या टोप्या घालून आलेल्या. केल्व्हनला भरून आलं. बाबा खोटं बोलत नव्हते, असं त्याला वाटलं.

पाद्री म्हणाले, "डेन्झिलविषयी कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर पुढे यावं."

कुणी उठलं नाही. मर्लबाई पंख्यानं वारा घेत राहिल्या. आत्या छताकडे बघत होती. पाद्र्यांनी पुन्हा विचारलं आणि शेवटची प्रार्थना सुरू केली.

माती लोटून झाल्यावर केल्व्हननं बॉयझीला गाठलं. "काका, एवढं गाव लोटलं. बाबांवर एवढा जीव होता सगळ्यांचा?"

"त्याच्यावर?" बॉयझीनं घाम पुसला. "चाळीस वर्षांत चार ओळी धाडल्या नाहीत त्यानं. त्याची म्हातारी आई त्याचं नाव घेत गेली, तिच्या मातीलाही आला नाही. तू दारात येऊन बोलावलंस, म्हणून आम्ही आलो."

केल्व्हननं विचारलं, "मग चर्चमध्ये कुणीच काही का नाही बोललं?"

"मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये बाळा," बॉयझी म्हणाला, "एवढं वळण आहे आम्हाला."